माहितीचा ताप कोणत्या थर्मामीटरने मोजावा?

लहान मुलाला ताप आला तर घरी काय करावे, हा प्रश्न प्रत्येक आईबापाला कधी ना कधी पडतोच. प्रश्न साधा आहे आणि त्याचे उत्तर वैद्यकशास्त्राला बऱ्यापैकी ठाऊक आहे. म्हणूनच मिलान येथील मारियो नेग्री संस्थेतल्या संशोधकांनी इंटरनेटवरील आरोग्यविषयक माहितीची परीक्षा घ्यायचे ठरवले, तेव्हा नेमका हाच प्रश्न निवडला. शोधयंत्राने दिलेली ४१ पाने त्यांनी वाचली आणि प्रमाण मानलेल्या वैद्यकीय सल्ल्याशी ताडून पाहिली. त्या सल्ल्याशी बव्हंशी जुळणारी पाने निघाली अवघी चार! हा अहवाल १९९७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला आणि वैद्यकविश्वात बरीच खळबळ उडाली. दुर्मीळ आजाराविषयी गफलती असल्या तर समजू शकते. पण घरोघरच्या तापाविषयी ही अवस्था असेल तर वाचकाने विश्वास ठेवायचा कशावर?

या प्रश्नाला उत्तर म्हणून जे निर्माण झाले, त्याचे परीक्षण आम्ही येथे करणार आहोत. गेल्या तीन दशकांत आरोग्याच्या माहितीचा दर्जा मोजण्यासाठी अनेक मोजपट्ट्या निघाल्या. त्या शाळांपर्यंतही पोचल्या आहेत; 'माहिती साक्षरते'च्या नावाखाली त्यांच्याच आवृत्त्या शिक्षकांच्या प्रशिक्षण-पुस्तिकांत आढळतात. लेखकाचे नाव पाहा, तारीख पाहा, संदर्भ पाहा, जाहिराती पाहा, असा त्यांचा साधारण मंत्र असतो. मंत्र सोपा आहे, लक्षात राहतो, फळ्यावर लिहिता येतो. पण ज्या कामासाठी तो दिला जातो ते काम त्याने होते का, हे तपासल्याखेरीज तो मुलांच्या हाती देणे बरे नव्हे. थर्मामीटर विकत घेताना आपण तो खरा ताप दाखवतो की नाही हे पाहतोच ना!

यांतली सर्वांत प्रसिद्ध मोजपट्टी १९९७ सालचीच आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाच्या संपादकांनी चार कसोट्या सुचवल्या: लेखक कोण व त्याची पात्रता काय, मजकुराला आधार कशाचा, संकेतस्थळाची मालकी व हितसंबंध उघड केले आहेत का आणि मजकूर केव्हा लिहिला वा सुधारला गेला. त्याच सुमारास जिनिव्हा येथील 'हेल्थ ऑन द नेट' या प्रतिष्ठानाने आठ तत्त्वांची आचारसंहिता केली आणि ती पाळणाऱ्या संकेतस्थळांना आपले बोधचिन्ह वापरू दिले. पुढे १९९९ मध्ये ऑक्सफर्डच्या डेबोरा चार्नॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'डिसर्न' नावाची सोळा प्रश्नांची पट्टी तयार केली. याखेरीज विद्यापीठे, कंपन्या, नियतकालिके यांनी आपापले तारे, पदके आणि 'उत्कृष्ट संकेतस्थळ' असे शिक्के वाटायला सुरुवात केली ती वेगळीच. जदाद आणि गाग्लियार्डी या कॅनडातील संशोधकांनी १९९८ साली मोजदाद केली तेव्हा अशी ४७ साधने सापडली. त्यांपैकी केवळ १४ साधनांनी आपले निकष काय आहेत ते सांगितले होते, आणि दोन परीक्षकांनी तीच पट्टी लावली तर गुण सारखेच येतात का, हे एकानेही तपासलेले नव्हते. २००२ मध्ये त्यांनी पुन्हा पाहिले तो आणखी ५१ नवी साधने उगवलेली! पट्ट्यांचे पीक जोमाने आले होते. पट्टीवरच्या खुणा सारख्या अंतरावर आहेत का, याची विचारपूस मात्र फारशी कोणी केली नव्हती.

शिक्षकांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. उत्तरपत्रिका तपासताना अक्षर सुवाच्य आहे, समास सोडला आहे, शीर्षके अधोरेखित आहेत, आकृतीला नावे दिली आहेत हे सारे पाहिले जाते. या गोष्टींना थोडे गुण असावेत हेही ठीक. पण एखाद्याने केवळ एवढेच पाहून गुण दिले आणि उत्तर वाचलेच नाही तर? वरील चार कसोट्या नेमके हेच करतात. मजकूर बरोबर आहे का, हा प्रश्न त्यांत कोठेच नाही. याचे कारणही स्पष्ट आहे. सामान्य वाचकाला मजकुराचा खरेखोटेपणा थेट तपासता येत नाही. येत असता तर त्याला तो मजकूर वाचण्याची गरजच पडली नसती. म्हणून बाह्य लक्षणांवरून आतली गुणवत्ता ताडायची. कल्पना चुकीची नाही. डॉक्टरसुद्धा जिभेच्या रंगावरून अंदाज बांधतात. प्रश्न एवढाच, की या बाह्य लक्षणांचा आणि आतल्या खरेपणाचा संबंध खरोखर आहे काय?

हे तपासण्याचे काम अमेरिकेतील अॅरिझोना विद्यापीठाच्या फॅलिस आणि फ्रिके यांनी केले आणि २००२ साली प्रसिद्ध केले. त्यांनी विषय घेतला तोच, मुलांचा ताप. शंभर पाने गोळा केली, प्रमाण वैद्यकीय सल्ल्याशी ताडून त्यांचे 'अधिक अचूक' आणि 'कमी अचूक' असे दोन गट केले आणि मग कोणती बाह्य लक्षणे कोणत्या गटात जास्त आढळतात ते मोजले. निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. लेखकाचे नाव दिलेले असणे, त्याची वैद्यकीय पदवी दिलेली असणे यांचा अचूकतेशी संबंध आढळला नाही. पान अद्ययावत नसणे किंवा त्यावर जाहिराती असणे यांचा चुकीच्या माहितीशीही संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो फक्त तीन लक्षणांचा: जिनिव्हाच्या प्रतिष्ठानाचे बोधचिन्ह, पत्त्याच्या शेवटी 'डॉट ऑर्ग' असणे आणि पानाच्या तळाशी स्वामित्वहक्काची खूण, म्हणजे वर्तुळातला 'सी', असणे.

या शेवटच्या लक्षणापाशी थोडे थांबू या, कारण वरच्या वर्गांना सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतला फरक शिकवायला इतके चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. वर्तुळातल्या 'सी'मुळे तापाविषयीचा सल्ला बरोबर ठरतो असे कोणीही म्हणणार नाही. ज्या संस्था आपल्या मजकुराची पर्वा करतात त्या बहुधा स्वामित्वहक्कही नोंदवतात आणि वैद्यकीय तपासणीही करून घेतात, एवढाच त्याचा अर्थ. आता समजा, ही गोष्ट सर्वांना कळली. उद्यापासून प्रत्येक भोंदू आपल्या पानाच्या तळाशी ती खूण लावील. खूण लावायला खर्च शून्य, आणि 'डॉट ऑर्ग' पत्ता तर पैसे भरून कोणालाही घेता येतो. म्हणजे लक्षण उपयोगी आहे हे जाहीर होताच ते निरुपयोगी होऊ लागते. परीक्षेत काय विचारणार हे आधी फुटले की परीक्षेचे जे होते, तेच येथे होते.

ब्रिटनमध्ये २००२ सालीच पाच नेहमीच्या आरोग्यविषयांवरील १२१ संकेतस्थळांचा असाच अभ्यास झाला. विश्वासार्ह 'दिसणे' आणि माहिती अचूक 'असणे' यांच्यात फार तर मध्यम, बऱ्याचदा किंचितच संबंध आहे, असे तेथेही आढळले.

संकेतस्थळे सोडा, खुद्द वैद्यकीय नियतकालिकाचे उदाहरण घ्या. फेब्रुवारी १९९८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये अँड्र्यू वेकफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध आला. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित लस आणि स्वमग्नता यांचा संबंध असावा, असे १२ मुलांच्या निरीक्षणावरून त्यात सुचवले होते. वरील चार कसोट्या लावून पाहा. लेखकांची नावे व पदे आहेत, संदर्भ आहेत, तारीख आहे. चौथी कसोटी हितसंबंधांची. लसउत्पादकांविरुद्ध दावा करू पाहणाऱ्या पालकांच्या वकिलांकडून वेकफील्ड यांना पैसे मिळत होते, ही बाब निबंधात नव्हतीच. ती २००४ साली ब्रायन डीअर या पत्रकाराने उजेडात आणली. निबंध मागे घेतला गेला तो २०१० मध्ये. जे उघड केलेले नाही ते उघड केलेले नाही हे निबंध वाचून कसे कळणार? पानावरच्या खुणा पाहणारी कोणतीही पट्टी येथे हतबल ठरते.

'डिसर्न'विषयी मात्र आमचे मत इतके कठोर नाही. सोळांपैकी पहिले आठ प्रश्न मजकुराच्या विश्वसनीयतेचे, पुढचे सात उपचारांच्या माहितीचे आणि सोळावा एकूण मताचा. प्रत्येकाला एक ते पाच गुण. पहिल्या आठांत नेहमीचेच यशस्वी कलाकार आहेत; खरी मौज पुढच्या सातांत आहे. उपचार काम कसा करतो हे सांगितले आहे का? फायदे सांगितले आहेत का? धोके सांगितले आहेत का? उपचारच केला नाही तर काय होईल, हे सांगितले आहे का? एकाहून अधिक उपाय असू शकतात हे स्पष्ट केले आहे का? यांतला 'काहीच केले नाही तर' हा प्रश्न आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. जाहिरात कधीही याचे उत्तर देत नाही. मुलांचे बहुतेक विषाणुजन्य ताप काही दिवसांत आपोआप उतरतात, हे ज्या पानावर नाही त्या पानावरचा कोणताही काढा, चूर्ण वा गोळी गुणकारीच ठरणार!

पण 'डिसर्न'च्या कर्त्यांनी स्वतःच मान्य केलेली मर्यादा वापरणारे विसरतात. ही पट्टी मजकूर शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे की नाही हे ठरवत नाही. निर्णय घ्यायला लागणारी माहिती दिली आहे की नाही एवढेच पाहते. धोके सांगितले आहेत का, असे ती विचारते. सांगितलेले धोके खरे आहेत का, असे विचारत नाही. असे असूनही गेल्या काही वर्षांत अमुक आजारावरच्या चित्रफिती घेतल्या, 'डिसर्न' लावली, सरासरी काढली आणि 'दर्जा असमाधानकारक' असा निष्कर्ष छापला, या साच्याचे लेख वैद्यकीय नियतकालिकांत शेकड्यांनी आले आहेत. आजाराचे नाव बदलले की नवा लेख. अशा लेखांनी वाचकाचे कोणते हित साधले, हे आम्हांला अद्याप उमगलेले नाही.

शिवाय या पट्ट्या वापरतो कोण? हायडेलबर्ग येथे आयझेनबाख आणि क्योलर यांनी १७ जणांना आरोग्याचे काही प्रश्न देऊन संगणकापुढे बसवले आणि ते काय करतात ते टिपले. त्याआधी झालेल्या गटचर्चांत लोकांनी सांगितले होते की आपण स्रोत पाहतो, व्यावसायिक मांडणी पाहतो. प्रत्यक्षात एकानेही 'आमच्याविषयी' हे पान उघडले नाही, आणि उत्तर कोणत्या संकेतस्थळावर मिळाले हे नंतर फार थोड्यांना आठवले. हे २००२ सालचे. आज तीच माहिती भ्रमणध्वनीवर, कोणीतरी पुढे ढकललेल्या संदेशातून, लेखकाचे नाव, तारीख आणि पत्ता गळून पडलेल्या अवस्थेत पोचते. तेथे चार कसोट्या लावायच्या कशाला?

आता मोजपट्ट्यांतल्या सर्वांत मोठ्या उणिवेकडे वळू. आमच्या माहितीच्या कोणत्याही प्रसिद्ध पट्टीत 'ही माहिती कोठल्या वाचकासाठी आहे?' हा प्रश्न पुरेशा गांभीर्याने विचारलेला नाही. तापाचेच घेऊ.

समजा, पालकांनी अमेरिकेतील एका नामांकित बालरुग्णालयाचे पान उघडले. लेखक तज्ज्ञ, संदर्भ चोख, तारीख गेल्या महिन्याची, जाहिरात एकही नाही. चारपैकी चार गुण! त्यात पॅरासिटामॉल हे नाव कदाचित सापडणारच नाही, कारण तेथे त्याच औषधाला अॅसिटामिनोफेन म्हणतात. मात्रा मिलिलिटरमध्ये असेल, ती तेथल्या बाटलीसाठी. आपल्याकडे पॅरासिटामॉलचे पातळ औषध ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम आणि ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम अशा दोन्ही तीव्रतांत मिळते. तान्ह्या मुलांचे थेंब तर १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅमचे असतात. थेंबांच्या बाटलीतून चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर, औषध दिले तर मुलाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जातील; १२०च्या बाटलीतल्या चमच्याच्या चौपटीहून अधिक. पॅरासिटामॉल अति झाल्यास यकृतावर घाला घालते. खुद्द अमेरिकेतही तान्ह्या मुलांचे थेंब २०११ पर्यंत ०.८ मिलिलिटरमध्ये ८० मिलिग्रॅमचे होते. असे गोंधळ होतात म्हणूनच उत्पादकांनी त्या वर्षी ५ मिलिलिटरमध्ये १६० मिलिग्रॅम ही एकच तीव्रता ठेवण्याचा निर्णय घेतला. म्हणजे २००९ सालच्या पानावरचे मिलिलिटर आणि २०१३ सालच्या पानावरचे मिलिलिटर यांत तिपटीचा फरक! 'तारीख पाहा' या कसोटीला अर्थ येतो तो असा. नुसती तारीख आहे की नाही हे पाहून काही कळत नाही. त्या तारखेनंतर काय बदलले हे ठाऊक असावे लागते.

नायमेसुलाइडचे उदाहरण याहून बोलके आहे. हे तापाचे औषध आपल्याकडे मुलांना सर्रास दिले जाई. यकृतावरील दुष्परिणामांच्या शंकेमुळे २०११ मध्ये भारत सरकारने बारा वर्षांखालील मुलांसाठी त्यावर बंदी घातली. अमेरिकेत हे औषध कधी विक्रीला आलेच नाही. साहजिकच तेथील उत्तमातल्या उत्तम पानावर त्याविषयी अवाक्षरही नसेल. घरातल्या कपाटात जुनी बाटली असलेल्या पालकाला जो इशारा सर्वांत आधी मिळायला हवा, तोच चारपैकी चार गुण मिळवणाऱ्या पानावर नाही.

तीच गोष्ट 'डॉक्टरांकडे केव्हा जावे' याची. तीन महिन्यांखालील बाळाला ३८ अंश सेल्सिअस वा अधिक ताप असेल तर वाट पाहू नये, हे कोठेही खरे. पण मोठ्या मुलासाठी 'आणखी एकदोन दिवस पाहा' हा सल्ला लंडनमध्ये योग्य असला तरी गडचिरोलीत नाही. मलेरियाग्रस्त भागात ताप आला की रक्त तपासून घ्यायचे, आणि तेही लगेच. कारण फाल्सिपेरम प्रकारचा मलेरिया मेंदूपर्यंत पोचायला फार दिवस घेत नाही. डेंगीची साथ असेल तर अॅस्पिरिन व आयब्युप्रोफेन टाळायचे, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. युरोपातल्या पानावर आयब्युप्रोफेन निर्धास्तपणे सुचवलेले असते. तेथे ते चूक नाही.

घड्यांचा प्रश्नही पाहण्यासारखा आहे. तापलेल्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवणे ही आपल्याकडची जुनी रीत. तापात काय होते? मेंदूतील हायपोथॅलॅमस शरीराचे तापमान एका ठरावीक पातळीवर राखतो. संसर्ग झाला की प्रोस्टाग्लँडिन ई-२ या रसायनाच्या प्रभावाने ही पातळीच वर सरकते; म्हणून अंगात ताप असूनही थंडी वाजते. पॅरासिटामॉल ही पातळी खाली आणते. ओल्या फडक्याने पुसताना मात्र आपण पातळी तशीच ठेवून फक्त कातडी थंड करतो. शरीर विरोध करते, त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, मूल कुडकुडते आणि स्नायूंच्या हालचालीने उष्णता उलट वाढते. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २००७ साली तापासाठी कोमट पाण्याने अंग पुसण्याची शिफारस करू नये असे सांगितले. केवळ तापमान उतरवण्यासाठी औषध देऊ नये, मूल अस्वस्थ असेल तर द्यावे, असेही त्याच मार्गदर्शिकेत होते. मिठाचे म्हणाल तर विद्राव्य मिसळल्याने पाण्याचा बाष्पदाब कमी होतो, बाष्पीभवन किंचित मंदावते. दहावीनंतरच्या विद्यार्थ्यांना हे सांगता येईल. कपाळावर एखादी घडी ठेवल्याने मुलाला बरे वाटत असेल तर आजीशी भांडण करण्याचे कारण नाही. बर्फाच्या पाण्याने अंग पुसण्याबद्दल मात्र जरूर भांडावे.

येथे एक आडवळण. ९८.६ अंश फॅरनहाइट हा 'नॉर्मल'चा आकडा आपण मुलांना दशांशासह पाठ करायला लावतो. तो आला आहे जर्मन वैद्य वुंडरलिश याच्या १८६८ सालच्या ३७ अंश सेल्सिअस या सरासरीवरून. सेल्सिअसमधल्या पूर्णांकाचे रूपांतर करताना फॅरनहाइटमध्ये तो दशांश उगवला. अचूकता वाढली नाही, वाढल्यासारखी दिसली. माहितीच्या दर्जाला 'सरासरी ३.४ गुण' देणाऱ्या लेखांचा दशांश आम्हांला याच जातीचा वाटतो.

मग करायचे काय? दोन प्रयोग शिक्षकांच्या विशेष उपयोगाचे आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅक्ग्रू यांनी २५ विद्यार्थी, १० इतिहासतज्ज्ञ आणि वृत्तसंस्थांत तथ्यतपासणी करणारे १० जण यांना काही संकेतस्थळे पारखायला दिली. त्यांत शाळेतील दादागिरीवरची दोन पाने होती. एक बालरोगतज्ज्ञांच्या १९३० साली स्थापन झालेल्या व हजारो सदस्यांच्या अमेरिकन संघटनेचे. दुसरे २००२ मध्ये त्यातून फुटून निघालेल्या, विशिष्ट सामाजिक मतांच्या एका छोट्या गटाचे. दोघांची नावे फसवी वाटावीत इतकी सारखी. बहुसंख्य विद्यार्थी छोट्या गटाच्या पानावर भाळले, डॉक्टरेट मिळवलेल्या इतिहासतज्ज्ञांपैकीही अनेकांची फसगत झाली. ही मंडळी काय करत होती? पान वरपासून खालपर्यंत बारकाईने वाचत होती. नाव, बोधचिन्ह, संदर्भ न्याहाळत होती. तथ्यतपासनिसांनी पान जेमतेम पाहिले आणि लगेच ते सोडून दुसरीकडे धाव घेतली. या संस्थेविषयी 'इतर' काय म्हणतात ते पाहिले आणि काही मिनिटांत निवाडा दिला. गावात नवा माणूस मुलीला मागणी घालायला आला तर आपण त्यानेच आणलेले प्रशस्तिपत्रक वाचत बसत नाही, त्याच्या गावी चौकशी करतो. तीच ही रीत. वेकफील्ड प्रकरण उलगडले तेही निबंधाबाहेरच्या चौकशीनेच.

आमच्या मते चार कसोट्यांच्या जागी मुलांना ही सवय आधी लावावी. पण तिचीही मर्यादा सांगितली पाहिजे. इंग्रजीत चौकशी करायला शेजारी पुष्कळ आहेत. मराठीत एखाद्या औषधाचे नाव टाकले तर बऱ्याचदा एकाच मजकुराच्या दहा नकला समोर येतात आणि दहा साक्षीदार असल्याचा भास होतो. आता तर संगणकच प्रश्नाचे उत्तर सफाईदार मराठीत लिहून देतो. त्याला लेखक नाही, तारीख नाही, आणि मागितल्यास दिलेला संदर्भ कधी कधी अस्तित्वातच नसतो. अशा उत्तराला बाहेरून पारखण्याजोगे काही उरतच नाही. दाव्यालाच हात घालावा लागतो. जिनिव्हाच्या प्रतिष्ठानाचे ते बोधचिन्हही आता उरलेले नाही. २०२२च्या अखेरीस त्याचे काम थांबले.

दाव्याला हात घालायला शाळकरी मुले शिकू शकतात का? दुसरा प्रयोग याचे उत्तर देतो, आणि तो युगांडात झाला आहे, श्रीमंत देशात नव्हे. तेथील १२० प्राथमिक शाळांपैकी चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निवडलेल्या निम्म्या शाळांत चित्रकथेच्या रूपातले एक पुस्तक शिकवले गेले. कोणत्याही उपचाराने अपाय होऊ शकतो. एकाला गुण आला म्हणून सर्वांना येईल असे नाही. नवे किंवा महाग ते चांगलेच असे नाही. दोन उपचारांची तुलना न्याय्य पद्धतीने व्हायला हवी, अशा मोजक्या कल्पना त्यात होत्या. सत्राच्या शेवटी घेतलेल्या चाचणीत या शाळांतली ६९ टक्के मुले उत्तीर्ण झाली, इतर शाळांतली २७ टक्के. 'लॅन्सेट'मध्ये हे निष्कर्ष २०१७ साली आले. ही मुले १० ते १२ वर्षांची होती आणि शिकवणारे त्यांचे नेहमीचेच शिक्षक होते. चाचणी उत्तीर्ण होणे आणि घरी औषध निवडताना शहाणपण दाखवणे यांत अंतर आहे हे खरे. तरीही इतका फरक आम्हांला दुर्लक्षिण्याजोगा वाटत नाही.

आपल्या वर्गात सुरुवात करायची तर तापानेच करावी. मुलांना घरातली तापाच्या औषधाची बाटली (रिकामी असली तरी चालेल) आणायला सांगा आणि वेष्टनावरची तीव्रता फळ्यावर लिहा; एकाच वर्गात दोन तरी निराळे आकडे निघतील. मग तापाविषयीचे एखादे पान वा संदेश घ्या आणि विचारा: यातली 'चमचाभर' मात्रा यांपैकी कोणत्या बाटलीची? औषध दिलेच नाही तर काय होईल, हे कोठे लिहिले आहे? 'हमखास गुण' हे कोणाशी तुलना करून ठरवले? आपल्या गावात पावसाळ्यात ताप आला तर हा सल्ला पुरा पडेल का? शेवटच्या प्रश्नासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला वा आशाताईंना वर्गात बोलवावे. गेल्या पावसाळ्यात तापाचे किती रक्तनमुने घेतले आणि त्यांत मलेरियाचे किती निघाले, हे आकडे त्यांच्या नोंदवहीत असतात.